अलगदरावांची टूरिंग कार

पगाराच्या कागदावर त्यांचं खरं नाव होतं, पण कारखान्यात त्या नावाची कुणाला गरज पडत नसे. सगळे त्यांना अलगदराव म्हणत. पत्रा दाबून आकार देणाऱ्या मोठमोठ्या प्रेससाठी पोलादी साचे बनवणारा तो कारखाना; एकेक साचा म्हणजे न्हाणीघराएवढा. छताखालून रुळांवर धावणारी क्रेन, तिच्या पोटाशी टांगलेली काचेची केबिन आणि त्या केबिनमध्ये दोन लिव्हर धरून बसलेले अलगदराव. त्यांनी टेकवलेल्या साच्याचा आवाज होत नसे, म्हणून हे नाव पडलं. जुन्या फोरमनने निवृत्तीच्या दिवशी लाकडी ठोकळ्यावर एक खडू उभा केला आणि वर बघून ओरडला, "याला शिवून दाखव!" अलगदरावांनी साचा खाली आणला. तो खडूच्या टोकाला टेकला आणि थांबला. खडू मोडला नाही, आणि ओढून बघितला तर निघतही नव्हता. फोरमनने नंतर तो खडू शर्टाच्या खिशात घालून घरी नेला.

साचा टेकताना खालचा ठोकळा वाकडा असेल तर तो लांब सळईने सरकवायचा, हात घालायचा नाही, असा नियम भिंतीवर तांबड्या अक्षरांत रंगवलेला होता. दुसऱ्या पाळीत तो पाळला जाई. अलगदरावांच्या पाळीत मात्र सळई कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी असे आणि खालची माणसं सरळ हाताने ठोकळा सारत. सळई उचलणं म्हणजे अलगदरावांवर अविश्वास दाखवणं, असं कुणी कधी बोललं नव्हतं. पण नवा माणूस आला की आठवड्याभरात त्यालाही ते न सांगता कळे. साहेब लोकांना दिसत होतं. काम पटापट होत होतं, तेव्हा त्यांनीही कानाडोळा केला.

खाली उभं राहून इशारे देणारा माणूस म्हणजे त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, त्यामुळे तो ताईच्या संसारात भांड्याकुंड्यांबरोबरच आला. अलगदरावांनी त्याला कारखान्यात चिकटवला. दिवसभर मेहुणा खालून हात वर करायचा आणि दाजी वरून लिव्हर हलवायचे. दोघांत शब्दांची गरजच उरली नव्हती. घरी आल्यावर मात्र मेहुण्याच्या तोंडाला खीळ नसे.

गाडीचं खूळ घरात आणलं ते फ्यूजने. फ्यूज म्हणजे कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. बोलता बोलता उडतो म्हणून फ्यूज. एका बंद पडलेल्या बॅडमिंटन हॉलमध्ये गालिचा अंथरून, कडेला लाकडी पट्ट्या ठोकून दर रविवारी रिमोटच्या गाड्यांच्या शर्यती होत, तिथे तो जाई. एकदा तो अलगदरावांना घेऊन गेला. हातभर लांबीच्या, खऱ्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या त्या टूरिंग कार गालिच्यावरून सूं सूं करत धावताना बघून अलगदराव जे गप्प झाले ते घरी येईपर्यंत गप्पच. पुढच्या रविवारी ते दुकानातली सगळ्यात स्वस्त गाडी बगलेत मारून आले.

"अहो, लहान मूल आहे का घरात?" बायको म्हणाली.

"आहे की. समोर उभं आहे," मेहुणा म्हणाला.

स्वस्त गाडी ती स्वस्तच. चाकांत बेअरिंगऐवजी प्लास्टिकची बुशं, शॉकअप म्हणजे नुसत्या स्प्रिंगा, आणि स्टिअरिंगचे दांडे इतके ढिले की पुढचं चाक बोटाने हलवलं तर दाताच्या डॉक्टरकडे जावंसं वाटे. मेकॅनिक लोक याला 'प्ले' म्हणतात. रिमोट पिस्तुलासारखा: डाव्या हाताने धरायचा, खटका दाबला की गाडी पळते, आणि बाजूचं छोटं चाक उजव्या हाताने फिरवलं की वळते. ते फिरवलं तरी गाडी जरा विचार करूनच वळायची. तरीही पहिल्या वर्षी अलगदरावांनी त्या खटाऱ्यावर भल्याभल्यांना घाम फोडला. गाडीत काही नव्हतं, होतं ते त्यांच्या हातात, आणि हे सगळा हॉल म्हणत होता.

मग त्यांना गाडी सुधारायची चटक लागली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम बायको करायची. तिचे बारीक स्क्रूड्रायव्हर एकेक करून नाहीसे होऊ लागले. आधी बुशं गेली आणि बेअरिंग आली. मग तेल भरायचे शॉकअप आले, मोटर बदलली, रबरी टायर बदलले. गाडीची वरची कवची पारदर्शक प्लास्टिकची असते आणि रंग आतून द्यावा लागतो. म्हणजे जे सर्वांत वर दिसायला हवं ते सर्वांत आधी काढायचं, सगळं उलट्या क्रमाने. हे काम मेहुण्याचं. तो चिकटपट्टी केसाएवढी कापून लावायचा, एका रंगावर दुसरा चढवायचा आणि शेवटी पट्ट्या सोलून कवची पालथी करायचा तेव्हा बायकोसुद्धा हातातलं काम टाकून बघायला यायची. गडद निळा रंग, त्यावर पांढरी बारीक रेघ, आणि दारावर उभा रंगवलेला एक खडू. खडू कशाचा हे हॉलमध्ये कुणालाच कळायचं नाही. मेहुणा सांगायचाही नाही.

सगळ्यात शेवटी स्टिअरिंग बदललं. ॲल्युमिनियमचे दांडे आले, सांध्यात प्ले नावालाही उरला नाही. आणि त्याच दिवशी गाडीत दोष निघाला.

पुढची चाकं थरथरायला लागली. गाडी टेबलावर ठोकळ्यावर ठेवली, चाकं अधांतरी केली आणि रिमोट हातात घेतला की पुढची दोन्ही चाकं बारीक बारीक नाचायची, थंडीत दात वाजावेत तशी. सरळ रस्त्यावर गाडी शेपूट हलवत जायची, कधी पट्टीला घासायची, कधी उलटी व्हायची. अलगदरावांनी दोष सर्वोवर ठेवला. सर्वो म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर. ती बदलली. थरथर तशीच. वायर बदलली, बॅटरी बदलली. शेवटी रिमोटच नवा घेतला, छोटा पडदा असलेला, भारीतला. चाकं आणखीच स्पष्ट थरथरू लागली.

"जितकी सुधारावी तितकी बिघडते," ते करवादले. "पूर्वीचा खटारा बरा होता."

बायको शेजारच्या खुर्चीत बसून बटण लावत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. नवऱ्याने घरी दाढी करणं सोडून न्हाव्याकडे जायला सुरुवात केली होती, हे तिने हेरलं होतं. चहा ते कपाने प्यायचे ते आता पेल्याने, तोही दोन्ही हातांत धरून प्यायचे. "एकदा डॉक्टरला हात दाखवू या का?" असं तिने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ते तिच्यावर खेकसले होते. वास्तविक खेकसणारा माणूस नव्हता तो. त्यावरूनच तिला काय ते कळलं, पण पुढे बोलायचा धीर झाला नाही. चुकलंच तिचं, आणि हे तिनेच नंतर कबूल केलं.

एका दुपारी अलगदराव गाडी मांडून बसले होते. दाराची घंटा वाजली. एरवी रिमोट हातात असतानाच ते चालू-बंद करायचे, गाडी अंगावर येऊ नये म्हणून तशी सवयच होती. त्या दिवशी ते रिमोट चालूच टेबलावर ठेवून उठले. दारात शेजारीण होती, वर्तमानपत्र मागायला आलेली. ते देऊन परत आले तर गाडीची चाकं स्तब्ध. ते उभे राहून बघत राहिले. जवळ कान नेला, सर्वोचा आवाजसुद्धा नाही. मग त्यांनी रिमोट उचलला, छोट्या चाकावर उजवा हात ठेवला. चाकं थरथरली. हात काढला, थांबली. ठेवला, थरथरली.

असं ते किती वेळ करत बसले कोण जाणे. गाडीत काहीच दोष नव्हता. पूर्वी तो ढिला प्ले त्यांची थरथर गिळून टाकत होता; तोच त्यांनी हौसेने, एकेक सांधा करून, काढून टाकला होता. आता गाडी त्यांच्या हाताचं खरं तेवढंच सांगत होती. त्यांना गाडीचा राग आला, आणि मग आठवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी होती आणि वर केबिनमध्ये दोन लिव्हर वाट बघत होत्या.

त्यांच्या आधीच्या क्रेनवाल्याची नजर गेली तेव्हा कंपनीने त्याला काढला नव्हता, माणुसकी दाखवून फाटकावर बसवला होता. आल्यागेल्याला तो सलाम करायचा आणि कोणाला करतोय हे त्याला दिसायचं नाही. अलगदराव रोज त्याच्या समोरून जात. एकदा खाली उतरलं की पुन्हा वर चढणं नाही, आणि खाली त्यांना कुणी अलगदराव म्हणणार नाही. केबिनमधून न उतरणं, एवढी एकच गोष्ट त्यांना त्या क्षणापासून हवी होती. बायको नको, डॉक्टर नको, खरं नको.

त्यांनी फ्यूजला गाठलं. कशासाठी ते सांगितलं नाही, फक्त म्हणाले, "चाकं थरथरतात रे."

फ्यूजने रिमोट हातात घेतला, चाकं बघितली, रिमोट परत अलगदरावांच्या हातात दिला, पुन्हा चाकं बघितली. तो उडाला नाही, यावरूनच त्याला काय समजलं ते अलगदरावांना समजलं.

"डेडबँड वाढव," तो खाली बघत म्हणाला. "मधली थोडी जागा मेलेली ठेवायची. तेवढ्या जागेत हात किती का हलेना, गाडी ऐकतच नाही. त्या पलीकडे हललास तरच ऐकते."

पडद्यावरचा आकडा वाढवला आणि चाकं शांत झाली. औषध घेतल्यासारखी. अलगदरावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी शिंक आल्याचं निमित्त करून पुसले.

फक्त एक अडचण होती. मधली जागा मेलेली, म्हणून वळणावर गाडी उशिरा ऐकायची आणि ऐकली की झटक्याने वळायची. अलगदरावांनी त्यावरही तोड काढली. वळण यायच्या आधीच छोटं चाक त्या मेलेल्या जागेच्या अगदी काठावर आणून धरायचं. मग नुसतं बोट दाबलं की गाडी वळलीच. ही काठावर धरायची सवय त्यांनी अशी अंगात मुरवली की रविवारच्या शर्यतीत निळी गाडी सगळ्यांच्या पुढे निघून गेली. हॉल उभा राहून ओरडला. मेहुण्याने तिथेच त्यांना उचलून घेतलं. "दाजी, म्हातारे झालात म्हणणाऱ्याचे दात घशात घातलेत!" अलगदराव हसले. कित्येक महिन्यांत हसले नव्हते तसे हसले.

सोमवारी त्यांनी फ्यूजला केबिनमध्ये बोलावलं आणि लिव्हरकडे बोट दाखवलं.

"वेडा झालास का?" फ्यूज म्हणाला. "खाली माणसं असतात."

"म्हणूनच सांगतोय. आत्ता साचा बारीक हिसके खातो, तुला दिसत नाही का? ते बंद होतील. गाडीत झालं, इथे का नाही होणार?"

"गाडी उलटली तर कुणीतरी जाऊन सरळ करतं, बाबा."

"तू मला फाटकावर बसलेला बघणार आहेस का?"

 मैत्री ही अशी वाईट गोष्ट असते की तिच्यात नाही म्हणणारा वैरी ठरतो. जेवणाच्या सुट्टीत त्याने क्रेनच्या पेटीचं झाकण उघडलं आणि दोन्ही लिव्हरची मधली जागा वाढवली. "थोडीच वाढवलीय," तो म्हणाला. "हात सुधारला की सांग, पूर्ववत करतो." हात सुधारणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

हिसके थांबले. साचा पुन्हा पूर्वीसारखा शांत लोंबकळू लागला. पण शेवटच्या बोटभर अंतरात घोळ व्हायचा. लिव्हर जरा पुढे केली तर काहीच नाही, आणखी जरा केली तर साचा एकदम खाली. टेकताना धप्प असा आवाज आला तेव्हा शेडमधली चार डोकी वर वळली. त्या आवाजाची कुणाला सवय नव्हती.

"दाजी, आज काय झालं होतं?" घरी येताना मेहुण्याने विचारलं.

"क्रेनचा वायररोप ताणलाय बहुतेक. सांगितलंय मी." इतक्या सहज खोटं बोलता येतं याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

तेव्हाच सांगितलं असतं तर. मेहुणा काही परका नव्हता. दाजींचा हात थरथरतो एवढं कळलं असतं तरी त्याने कोपऱ्यातली सळई उचलली असती, आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण सळई उचलणं हेच तर अलगदरावांना बघवणार नव्हतं. मग त्यांनी धप्प आवाज घालवण्यासाठी शर्यतीतली युक्ती वर नेली. लिव्हर मेलेल्या जागेच्या काठावर आणून धरायची, म्हणजे हवं तेव्हा नुसतं बोट दाबायचं. आवाज गेला. त्यांना वाटलं, जमलं.

तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. साचा ठोकळ्यांच्या वर हातभर आला, मग वीतभर, मग बोटभर. एक ठोकळा वाकडा होता. मेहुण्याने मूठ वर केली: थांबा. अलगदराव थांबले. साचा हवेत स्थिर होता. मेहुणा खाली वाकला आणि नेहमीप्रमाणे हाताने ठोकळा सरळ करू लागला. वर अलगदरावांनी लिव्हर सोडायला हवी होती. सोडली की ती मध्ये जाते, हे नव्या पोरालाही कळतं. त्यांनी ती सोडली नाही. काठावर धरून ठेवली, पुढच्या वळणासाठी गाडी धरतात तशी. आणि हात थरथरला.

साचा फार खाली आला नाही. बोटभरच आला. आवाजही झाला नाही, अगदी अलगद टेकला. मेहुण्याची किंकाळी आली तेव्हा अलगदरावांना क्षणभर ती कुठून आली हेच कळलं नाही.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. दवाखान्याच्या खोलीत हिरवे पडदे होते आणि खिडकीबाहेर कुणाच्या तरी गच्चीवर कपडे वाळत होते. शुद्धीवर आल्यावर मेहुणा पहिलं वाक्य बोलला ते असं: "माझंच चुकलं दाजी. सळई घ्यायला हवी होती. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका."

 अलगदराव पांघरुणाची घडी नीट करत बसले, आणि घडी होईना, कारण हात थांबेना. बायको पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती. ती भावाच्या हाताकडे बघत नव्हती, नवऱ्याच्या हाताकडे बघत होती.

फ्यूजने त्याच दिवशी, अपघात बघायला गर्दी जमलेली असताना, पेटी उघडून लिव्हर पूर्ववत केल्या. दवाखान्याच्या जिन्यात तो अलगदरावांना भेटला. "कुणाला काही सापडणार नाही," तो पुटपुटला. "नियम भिंतीवर लिहिलेला आहे. हात घालायचा नव्हता, घातला. विषय संपला."

"त्याला भरपाई मिळणार नाही मग."

"आणि तू बोललास तर? माझं घर बसेल. तुझंही बसेल. त्याची बोटं परत येणार आहेत का?" आणि मग फ्यूज, ज्याला कधी कुणी रडताना बघितलं नव्हतं, जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

घरी येऊन अलगदरावांनी बायकोला सगळं सांगितलं. गाडी, रिमोट, लिव्हर, काठावर धरायची सवय.  सांगून झाल्यावर ती उठली, शिलाईचं सामान आवरलं, पुन्हा बसली.

"मला कळलं होतं हाताचं," ती म्हणाली. "मी तुम्हाला ओरडायला हवं होतं, ओरडले नाही. तुमचा मान राखत बसले. तुम्ही तुमचा मान राखत बसलात. आपण दोघांनी मिळून त्याचा हात घेतला."

"मी काय करू?"

"परवा चौकशी आहे. तो पण येणार आहे, चूक माझी होती असं लिहून द्यायला. पुढचं मी तुम्हाला शिकवायचं का?" एवढं बोलून ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या घरात दार लावून घ्यायची पद्धत नव्हती.

चौकशी साहेबांच्या खोलीत होती. लांब टेबल, वर पंखा, भिंतीवर सुरक्षेचं पोस्टर. साहेब, सुरक्षा अधिकारी, फोरमन, फ्यूज. मेहुणा खुर्चीच्या कडेवर बसला होता, उजवा हात पांढऱ्या बँडेजमध्ये, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा मांडीवर ठेवलेला. बायको दाराशी उभी होती. तिला आत यायची परवानगी नव्हती, पण तिला बाहेर काढायची हिंमत कुणाला झाली नाही.

अलगदराव एक पिशवी घेऊन आले. त्यातून त्यांनी निळी गाडी काढली, दोन ठोकळे काढले आणि चाकं अधांतरी राहतील अशी गाडी टेबलावर मांडली.

"हे काय आणलंत?" साहेबांनी विचारलं.

"माझा जबाब आहे, साहेब. मला नीट बोलता येणार नाही."

त्यांनी रिमोट काढला. पडद्यावरचा डेडबँडचा आकडा शून्यावर आणला. तेवढं करायलाही त्यांना वेळ लागला, बटण सारखं चुकत होतं. मग त्यांनी छोट्या चाकावर उजवा हात ठेवला आणि तो हलू न देण्याचा प्रयत्न केला. सगळ्यांना दिसत होतं की ते मनापासून प्रयत्न करत आहेत, दात आवळून. गाडीची पुढची चाकं थरथरू लागली. खोलीत दुसरा आवाज नव्हता, नुसती सर्वोची बारीक किरकिर. फोरमनने मान खाली घातली.

"हा हात घेऊन मी वर बसत होतो," अलगदराव म्हणाले. "हे दिसू नये म्हणून लिव्हर ढिली करून घेतली. कुणाकडून ते विचारू नका. मी गळ घालून मागितली, देणाऱ्याचा दोष नाही. त्याने मूठ वर केली तेव्हा मी थांबलो होतो, पण हात थांबला नाही. त्याने हात घातला, कारण वर मी होतो. त्याच्या नावावर काही लिहू नका."

फ्यूज खिडकीबाहेर बघत होता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. सुरक्षा अधिकारी काहीतरी विचारणार होता, पण त्याचीही नजर त्या चाकांवरून हलेना. अलगदराव रिमोट खाली ठेवायचं विसरून गेले होते. चाकं थरथरतच राहिली आणि गाडीच्या दारावरचा पांढरा खडू त्यांच्याबरोबर थरथरत राहिला.

मेहुणा उठला. टेबलाला वळसा घालून दाजींच्या समोर आला. तो मारेल असं बायकोला वाटलं, आणि त्याने मारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"सळई तर कोपऱ्यातच होती, दाजी," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "एकदा नुसतं म्हणाला असतात, आजपासून सळई घे. मी का म्हणून विचारलंसुद्धा नसतं."

 मेहुण्याने डावा हात पुढे करून त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला.

गाडीची चाकं थांबली. मेहुणा डाव्या हातात रिमोट धरून तसाच उभा राहिला. ते छोटं चाक फिरवायला त्याच्याकडे दुसरा हात नव्हता.